शिडाच्या होडीतून डहाणू ते झाई

डहाणूच्या माणसाला समुद्राचं फारसं कौतुक नसतं. पाहुणे आले की त्यांना किनाऱ्यावर न्यायचं, बर्फाचा गोळा खायचा, मावळता सूर्य पाहायचा आणि घरी परतायचं. आम्ही दोघं नवरा-बायको त्यातलेच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, दोघंही शाळेत शिकवतो, घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. पण पाण्यावरून आपला किनारा कसा दिसतो, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वर गाठतात, ज्यांची ऐपत आहे ते काश्मीरला जातात. आम्ही यंदा पेपर तपासून झाल्यावर एकच दिवस काढला आणि शिडाच्या होडीतून डहाणू खाडी ते झाई आणि परत, अशी सफर केली.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील तांडेल आहेत. त्यांच्या छोट्या होडीला इंजिन आहे, पण डिझेल वाचवायला त्यांनी शीडही ठेवलं आहे. मासेमारीच्या होडीतून भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. आम्ही गेलो ते पाहुणे म्हणून. निघायची वेळ मात्र त्यांच्या हातात नव्हती आणि आमच्याही नव्हती. ती पाण्याच्या हातात होती.

या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साधारण पाच मीटर चढतं. खंबातच्या आखाताकडे जावं तसं ते वाढत जातं आणि भावनगरला दहा मीटरच्याही वर जातं. इथल्या खाड्या ओहोटीला कोरड्या पडतात आणि होड्या चिखलात बसतात. म्हणून पाणी कधी येणार, हे कळल्याशिवाय कुणी निघत नाही. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ निघते. आपल्याकडच्या इस्लामी कॅलेंडरवरूनही तो करता येतो, कारण ते कॅलेंडरही चंद्रावरच चालतं. चांदच्या तारखेत एक मिळवा आणि पाऊणने गुणा. आम्ही गेलो त्या दिवशी चांदची दहा तारीख होती. अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. आकडा पंधराच्या वर गेला की त्यातून पंधरा वजा करायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील वेळापत्रक पाहायचंच. पण मुलांना चंद्र आणि समुद्राचं नातं समजवायला यासारखा दुसरा धडा नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. तांडेलांनी आमच्यासाठी मुद्दाम उधाण टाळलं होतं.

फजरची नमाज पढून आम्ही धक्क्यावर पोचलो. साडेपाचला होडी खाडीबाहेर निघाली. तोंडावर येईपर्यंत इंजिन चाललं, मग तांडेलांनी ते बंद केलं आणि शीड चढवलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकवतो. तो शिडात भरताना पहिल्यांदाच पाहिला. भरतीचं पाणी या किनाऱ्यावर उत्तरेकडे ओढ घेतं, त्यामुळे वारा आणि पाणी दोन्ही आमच्या बाजूने होते. इंजिन थांबल्यावर लाकडाची करकर आणि पाण्याचा आवाज, एवढंच उरलं.

रस्त्याने जाताना बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या म्हणजे नुसती कुंपणं दिसतात. पाण्यावरून आधी वाळूची रेघ, तिच्यामागे सुरूची झाडं, त्यामागे वाड्यांचा गर्द हिरवा पट्टा आणि त्याच्याही मागे डोंगर, असं सगळं एका नजरेत आलं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू याच पट्ट्यातला. तांडेलांनी बोट करून बारडचा डोंगर दाखवला. संजाण पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी त्याच डोंगरातल्या बाहरोटच्या गुंफांमध्ये जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तांडेलांना मात्र त्या डोंगराचा उपयोग दिशा धरायला होतो.

साडेआठच्या पुढे आम्ही झाईच्या खाडीत शिरलो. तलासरी म्हटलं की आपल्याला महामार्ग, वारली पाडे आणि डोंगर आठवतात. त्याच तालुक्याला झाईपाशी समुद्र भेटतो. महाराष्ट्राचा किनारा इथे संपतो, पलीकडे गुजरात. धक्क्यावर बायका मासळी निवडत होत्या. आम्ही बरोबर नेलेली तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि उकडलेली अंडी तांडेलांच्या नातेवाइकांकडे सगळ्यांनी मिळून खाल्ली. त्या घरच्या आजींनी विचारलं, "बाई, भीती नाही वाटली?" खरं तर पहिली पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी होडीची कड घट्ट धरून ठेवली होती. तसं सांगितल्यावर त्या हसल्या.

झाईहून संजाण जवळच आहे. त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आपल्याच डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. देवीच्या एका मठिकेला दिलेल्या जमिनीची नोंद त्याच ताम्रपटात आहे, आणि त्याच्या कारकिर्दीतच हे दान झालं. या अधिकाऱ्याची जी कामं त्यात कोरली आहेत, त्यांत दोन पुढे येतात: दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होडीची सोय आणि संजाणला अन्नछत्र, जिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. अकराशे वर्षांपूर्वी या भागात चांगला कारभार म्हणजे सामान्य माणसाला पाणी ओलांडता येणं आणि भुकेल्याला जेवण मिळणं. मुलं हे ऐकून गप्प होतात. त्या खाडीत होडीतून शिरल्यावर आम्हांलाही त्याचा अर्थ जास्त कळला.

खाडी कोरडी पडायच्या आत, अकराला, आम्ही परत निघालो. आता ओहोटी दक्षिणेकडे ओढत होती आणि दुपारचा खारा वारा वायव्येकडून येत होता. होडी सकाळपेक्षा वेगाने चालली आणि हललीही जास्त. आमच्यापैकी एकाला मळमळलं. लिंबू हुंगलं, नजर दूर किनाऱ्यावर ठेवली, तेव्हा बरं वाटलं. डहाणूसमोर पोचलो तेव्हा दोन वाजले होते आणि खाडीत पाणी नव्हतं. तांडेलांनी नांगर टाकला. "आता तीन तास बसायचं, सर," ते म्हणाले आणि शिडाच्या सावलीत झोपले.

आम्ही बसूनच जोहरची नमाज अदा केली. मग उठून जायला जागा नव्हती आणि मोबाईलला रेंज धड नव्हती. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला वसतिगृहात ठेवायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात सहा महिने रेंगाळत होता. रोज कुणाला तरी घाई असायची. त्या दुपारी आम्ही दोघांनी आपापली भीती शेवटपर्यंत बोलून दाखवली आणि मुलीला पाठवायचं ठरलं.

समोर डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटर उंच चिमणी दिसत होती. दक्षिणेला वाढवणचा किनारा. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, आणि १९९८ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटरचा बांध, असा तो आराखडा आहे. रोजगार येईल, असं सरकार सांगतं. मच्छीमार अनेक वर्षं विरोध करत आले आहेत. तांडेल जागे झाल्यावर आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या बोटीवाले लांब जातील. माझी होडी किनाऱ्याजवळच चालते. मला कुठलं पाणी ठेवणार, ते कुणी सांगत नाही." त्यांची मुलगी आमच्या वर्गात पहिल्या पाचांत असते. तिच्या फीचे पैसे याच पाण्यातून येतात. अकराशे वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात फुकट होडीची नोंद करणाऱ्या या किनाऱ्याने छोट्या होडीचा हिशोबही नव्या कागदावर स्पष्ट लिहावा, एवढं मागणं रास्त आहे.

साडेपाचच्या सुमारास खाडीत पाणी चढलं आणि आम्ही आत आलो.

वाचकांपैकी कुणाला पाण्यावर जायचं असेल तर परवाना असलेल्या बोटीनेच जावं. गेटवेहून घारापुरीला, मांडव्याला लाँच जातात. आपल्याच जिल्ह्यात अर्नाळ्याच्या बेटावर होडीने जाता येतं. पावसाळ्याआधीच जा, कारण १ जूनपासून मासेमारीही बंद होते आणि समुद्र खवळतो. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घालून बसा. डोक्याला कापड, भरपूर पाणी आणि मीठ-साखर बरोबर ठेवा. आणि शक्य असेल तर एक सफर दोघांनीच करा. मुलं एक दिवस आजीकडे आनंदाने राहतात.