वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : आधी हिशेब, मग सही

गल्ल्यावर किंवा शिलाई मशिनवर दहा-बारा तास बसून काम, रात्री उशिरा जेवण आणि त्यातून वाढलेले वजन ही आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची तक्रार आहे. वजनामागून मधुमेह येतो, गुडघे धरतात आणि मग कोणीतरी पोटाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढतो. होकार देण्यापूर्वी तिचा जमाखर्च समजून घ्यावा.

या शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून टाकतात. तो पुन्हा जोडता येत नाही. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक मंदावते आणि थोड्या अन्नात पोट भरते.

जमेची बाजू मोठी आहे. वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा उतरतो. अनेकांची साखर आटोक्यात येते, गोळ्या कमी होतात. काहींचा मधुमेह मात्र पुढे परततो.

आता नावेची बाजू. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी हे धोके आहेत. अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत (२००९) पहिल्या तीस दिवसांत हजारी तीन मृत्यू झाले. ब-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या व रक्ततपासणी जन्मभर करावी लागते. खाण्यावरचा ताबा सुटला तर वजन परत चढते. गोणी उचलणाऱ्याला काही आठवडे जड काम बंद. पाणी दिवसभर घोट घोट प्यावे लागते, म्हणून रोज्यांबाबत डॉक्टर व आलिम दोघांना आधीच विचारावे.

खरी अडचण विम्याची आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 'बीएमआय' निघतो. आशियाई लोकांत तो २७.५ झाला की शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली सांगितले. पण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत ही मर्यादा ४० आहे. हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असल्यास ३५. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी हे आकडे अनुक्रमे ७५, १०९ आणि ९५ किलो होतात. म्हणजे ८५ किलोच्या मधुमेही दुकानदाराला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात, पण विमा कंपनी दावा नाकारू शकते. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षाही ३६ महिन्यांपर्यंत असू शकते, आणि अर्जात मधुमेह लपवला असेल तर तेवढ्यावरही दावा अडतो.

म्हणून धंद्याचे खेळते भांडवल मोडण्यापूर्वी तीन कागद हाती घ्यावेत : रुग्णालयाचा संपूर्ण खर्चाचा लेखी अंदाज, विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत. त्यानंतरच संमतीपत्रावर सही करावी.