जुन्या मोटारसायकलचा क्लच : दोष शोधण्याची रीत

जुन्या मोटारसायकलच्या क्लचचे दोष मुळात दोन. लिव्हर सोडल्यावर क्लच पुरता पकडत नाही, किंवा लिव्हर दाबल्यावर तो पुरता सुटत नाही. पहिल्याला गॅरेजमध्ये ‘स्लिप मारतो’ म्हणतात. दुसऱ्याची तक्रार बहुधा ‘गिअर अडकतो’, ‘न्यूट्रल सापडत नाही’ अशा शब्दांत येते. दोन्हींची कारणे एकमेकांच्या उलट असतात. वायर आवळल्याने एक दोष कमी होतो, तर दुसरा वाढतो. तरीही हा फरक न पाहता थेट क्लच प्लेटा बदलण्याची सवय सर्रास आहे. नव्या प्लेटा पडूनही तक्रार तशीच राहते आणि गाडीवाल्याचे पैसे वाया जातात. क्लचच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा इंजिनच्या आत नसतेच. ते वायरीत, लिव्हरमध्ये किंवा तेलात सापडते. म्हणून तपासणी बाहेरून आत जावी.

भंडारा हा धानाचा जिल्हा, आणि इथे जुनी मोटारसायकल शेतकामाची गाडी असते. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, यामाहाची आरएक्स १००, क्वचित एखादी राजदूत किंवा बुलेट अजूनही कामावर दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या दिवसांत पांदण रस्ते चिखलाने भरतात. मागे खताची बॅग किंवा दोन बाजूंना दुधाचे कॅन, पहिला गिअर, आणि चाक फिरत राहावे म्हणून अर्धवट दाबून धरलेला क्लच, अशी गाडी बांध्यांच्या कडेने चालते. अर्ध्या क्लचवर प्लेटा एकमेकींवर सतत घासतात आणि तापतात. साकोली-नागपूर महामार्गावर टॉप गिअरमध्ये धावणाऱ्या गाडीचा क्लच वर्षानुवर्षे टिकतो. चिखलातल्या गाडीचा दोन-तीन हंगामांतही संपू शकतो. त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा गाडी कुठे आणि कशी चालते, हे मेकॅनिकने आधी विचारावे.

याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. ट्रकचा क्लच सहसा कोरडा आणि एकाच मोठ्या प्लेटचा असतो. मोटारसायकलच्या इंजिनात तेवढ्या व्यासाला जागा नसते, म्हणून व्यास लहान ठेवून प्लेटांची संख्या वाढवलेली असते आणि सगळा गठ्ठा तेलात बुडवलेला असतो. अस्तर लावलेल्या क्लच प्लेटा आणि साध्या लोखंडी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तराच्या प्लेटांचे दात बाहेरच्या हाउसिंगमध्ये बसतात. ते हाउसिंग इंजिनबरोबर फिरते. लोखंडी प्लेटांचे दात आतल्या हबवर बसतात आणि हब गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतो. स्प्रिंगा हा गठ्ठा आवळून धरतात. चार क्लच प्लेटा म्हणजे घर्षणाच्या आठ बाजू; त्यामुळे लहान क्लचही पुरेशी ताकद पेलतो. लिव्हर दाबला की वायर स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावते आणि गठ्ठा सैल पडतो.

तेलाची मांडणी मात्र सगळ्या गाड्यांत एक नसते. सीडी १०० आणि स्प्लेंडरमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते. आरएक्स १०० आणि राजदूत टू-स्ट्रोक असल्याने त्यांचा क्लच गिअरबॉक्सच्या वेगळ्या तेलात चालतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये क्लच डावीकडच्या प्रायमरी चेनच्या डब्यात असतो आणि त्या डब्याचे तेल आणखी वेगळे. कोणत्या तेलाची चौकशी करायची, हे गाडी बघूनच ठरते.

स्लिप ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे वरचा गिअर आणि चढ. टॉप गिअरमध्ये कमी वेगावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर पिळला असता इंजिनचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. वैनगंगेकाठचा बराच भाग सपाट असल्याने सुरुवातीची स्लिप तिथे लपून राहते. तुमसरच्या उत्तरेला चिखल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याचे चढ लागले, किंवा मागे वजन आले, की ती उघड होते. अ‍ॅव्हरेज घटणे आणि जळका वास येणे ही पुढची लक्षणे. बुलेटमध्ये किकचा जोर क्लचमधूनच इंजिनला जातो. त्यामुळे किक रिकामी खाली गेली तर तीही स्लिपची खूण धरावी. गॅरेजमध्ये आणखी एक पडताळा घेता येतो. पुढचा आणि मागचा ब्रेक घट्ट धरून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. निरोगी क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन फिरतच राहिले तर प्लेटा घसरत आहेत. ही चाचणी क्षणभरच करावी, कारण तेवढ्या वेळातही प्लेटा तापतात.

स्लिप नक्की झाली की पहिली नजर फ्री प्लेवर जावी. लिव्हरच्या टोकाला, जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल लहान गाड्यांत साधारण १० ते २० मिलिमीटर असावी. ती शून्य असेल तर वायर क्लचला कायम थोडा दाबून ठेवते आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. या मोजमापातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वायर जसजशी ताणली जाते, तसतसा फ्री प्ले वाढतो. प्लेटा झिजतात तेव्हा गठ्ठा पातळ होतो, दाबणारी प्लेट आपल्या जागेवरून सरकते आणि फ्री प्ले कमी होतो. म्हणजे ज्या गाडीची वायर वारंवार आवळावी लागते, तिची वायर संपत आली आहे. जिची वारंवार सैल करावी लागते, तिच्या प्लेटा झिजल्या आहेत. गाडीवाल्याने गेल्या काही महिन्यांत अ‍ॅडजस्टर कोणत्या बाजूला फिरवला, एवढे विचारले तरी इंजिन न उघडता निम्मे निदान होते.

मग वायर पाहावी. लिव्हरकडच्या टोकाला, निपलजवळ, तार तंतूतंतूने तुटत जाते. अर्धे तंतू गेले तरी वायर काम करते, पण जड आणि अडखळत. पावसाळ्यात आउटरमध्ये पाणी शिरून गंज चढतो. अशी वायर लिव्हर सोडल्यावर पूर्ण परतत नाही आणि हुबेहूब झिजलेल्या प्लेटांसारखी स्लिप दाखवते. वायर खालच्या टोकाला सोडून हाताने पुढे-मागे ओढली की अडकणे लगेच जाणवते. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवताना क्लचची पकड बदलत असेल, तर वायर चुकीच्या वाटेने नेलेली आहे. लिव्हरच्या बोल्टचे छिद्र लांबट झाले असेल तर लिव्हरची बरीच हालचाल तिथेच वाया जाते आणि क्लच सुटत नाही. वायर, लिव्हर आणि बोल्ट यांचा खर्च प्लेटांच्या सेटपेक्षा कितीतरी कमी असतो.

त्यानंतर तेल. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. कोरड्या क्लचच्या कारला त्यांचा त्रास नाही, पण तेलात बुडालेल्या क्लचच्या अस्तरावर ती बसली की प्लेटा घसरू लागतात. म्हणूनच जपानी जासो मानकात ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी एमए हा वर्ग ठरवला आहे. डब्यावर ती अक्षरे पाहूनच तेल घ्यावे. एमबी वर्गाचे तेल मुख्यतः स्कूटरसाठी असते. नुकतेच तेल बदलले आणि आठवड्याभरात स्लिप सुरू झाली, तर संशय आधी तेलावरच घ्यावा. पाण्यातून गाडी काढल्यानंतर तेल दुधाळ दिसले तर ते लगेच बदलावे.

क्लच न सुटण्याची परीक्षा मुख्य स्टँडवर होते. इंजिन चालू करून, क्लच दाबून पहिला गिअर टाकावा. मागचे चाक थोडे फिरणारच. तेलाच्या चिकटपणामुळे ते ओढले जाते, आणि त्यावरून क्लच खराब ठरवणे चूक आहे. ब्रेकचा हलका स्पर्श करताच चाक थांबले आणि इंजिन दबले नाही, तर क्लच ठीक. चाक जोराने फिरत राहिले किंवा इंजिन बंद पडले, तर फ्री प्ले जास्त आहे, तेल फार घट्ट आहे, लोखंडी प्लेटा वाकल्या आहेत किंवा हाउसिंगच्या खाचांत घळी पडल्या आहेत. फक्त सकाळी पहिल्या गिअरलाच झटका बसत असेल, तर रात्रभरात तेलाने प्लेटा चिकटल्या एवढाच अर्थ. बुलेटचे जुने चालक क्लच दाबून दोन-चार किक मारतात आणि मगच गाडी चालू करतात. ही रीत अगदी योग्य आहे.

आवाजाचा अर्थ लिव्हरशी जोडून लावावा. न्यूट्रलमध्ये येणारा खडखडाट क्लच दाबताच थांबला तर हाउसिंगचे रिबिट किंवा धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत. उलट, दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर दाब घेणारे बेअरिंग गेले. उठताना गाडी थरथरत असेल तर क्लच उघडण्याआधी चेनचा ढिलेपणा आणि इंजिनचे बोल्ट तपासावेत.

एवढे करूनही दोष राहिला, तरच कव्हर उघडावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे सैल करावेत. क्लच प्लेटची जाडी व्हर्निअरने मोजावी. वापरमर्यादा नव्या जाडीपेक्षा बहुधा काही दशांश मिलिमीटरच कमी असते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये. जाडी पुरेशी असूनही अस्तर काळे, काचेसारखे चकचकीत झाले असेल तर प्लेट बादच. लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने तिचा बाक पाहावा. निळसर डाग म्हणजे ती तापली होती. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी आणि एक आखूड निघाली तरी सगळ्या बदलाव्यात. प्लेटांबरोबर स्प्रिंगा न बदलणे ही खोटी बचत ठरते, कारण दमलेल्या स्प्रिंगा नव्या प्लेटाही घसरू देतात. हाउसिंगच्या बोटांवरच्या उथळ घळी कानशीने गुळगुळीत करता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलावेच लागते.

नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्यास पहिल्याच चढावर त्या जळू शकतात. कव्हर नव्या गॅस्केटसह बसवून तेल भरावे, फ्री प्ले ठेवावा, आणि प्लेटा एकमेकींवर बसल्यावर, पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर, तो पुन्हा मोजून जुळवावा.