आहारविकृतींचे संशोधन आणि नवसंशोधकांचे प्रशिक्षण

आहारविकृती म्हणजे केवळ कमी खाणे नव्हे. अन्न, वजन व शरीरप्रतिमा यांविषयीच्या विचारांत आणि वर्तनात निर्माण होणारा तो गंभीर मानसिक विकार होय. गार्नर व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेली २६ विधानांची 'ईट-२६' ही चाचणी या क्षेत्रात जगभर वापरली जाते. तीत २० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. चाचणी स्वतः निदान करीत नाही.

भूक असूनही खाणे टाळण्याविषयीचे एक विधान तीत आहे. बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या गावात एकादशी पाळणारी विद्यार्थिनी त्यास सहज होकार देईल. तो व्रताचा होकार असेल, विकाराचा नव्हे. याउलट, वजनाच्या भीतीने वाढत गेलेले उपवास घरात श्रद्धा म्हणून वाखाणले जातात आणि आजार झाकला जातो.

म्हणून नवसंशोधकाच्या प्रशिक्षणात तीन बाबी अनिवार्य ठरतात. पहिली, प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून ते पुन्हा मूळ भाषेत पडताळणे. दुसरी, उपवास कशासाठी धरला व सोडताना मनात काय येते, हे मुलाखतीतून जाणणे. तिसरी, धोक्याची लक्षणे आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्याची सोय प्रश्नावली वाटण्यापूर्वीच करणे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी या तिसऱ्या बाबीशिवाय क्षेत्रकार्यास अनुमती देऊ नये.