आपल्या मालाचें लेबल आपणच कसें करावें

भाद्रपद-आश्विनांत बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळें उतरूं लागलीं म्हणजे बीड जिल्ह्यांतून क्रेट भरभरून फळ बाहेरगांवीं जातें. शेताच्या बांधापर्यंत त्या फळाला गांव असतें, धनी असतो, ओळख असते. बाजाराच्या आवारांत ढीग पडला कीं ती ओळख पुसली जाते व तें केवळ "सीताफळ" उरतें. पुण्याच्या गिऱ्हाइकास तें गोड लागलें, तरी पुढच्या खेपेस तेंच फळ कोणाच्या नांवानें मागावें हें त्याला ठाऊक नसतें. निगा राखून पिकविणारा व निगा न राखणारा असे दोघेही एकाच ढिगांत पडतात, तेव्हां श्रमाचा मोबदला वेगळा कसा मिळावा? गूळ, तूरडाळ, लोणचें, सीताफळाचा गर यांचीही हीच गत आहे.

यावर उपाय म्हणजे मालास नांव देणें व तें नांव गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें नीट मांडणें. आमच्या कित्येक बागाइतदार बंधूंस वाटतें कीं, छाप, लेबल, छापील खोका हा मोठ्या कंपन्यांचा खेळ असून त्यास शहरांतील चित्रकार व पुष्कळ पैसा लागतो. हा समज आतां खरा राहिलेला नाहीं. ज्याच्या घरीं चांगला मोबाईल आहे व ज्यास चार ओळी शुद्ध लिहितां येतात, त्याला हें काम थोड्या खर्चांत साधतें. तें कसें, हें आम्ही येथें क्रमानें सांगणार आहों.

एक जुनें उदाहरण

शेतकऱ्यांच्या ओळखीच्या एका कारखान्याचा इतिहास याबाबतींत बोधप्रद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते असा लोकांचा समज होता. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. नांगर चांगला होता. परंतु त्याचें चांगलेपण शेतकऱ्याला कोणी पटवून दिलें नव्हतें. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकला शिकलेले होते. त्यांनीं १९२० सालीं कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीं "किर्लोस्कर खबर" हें लहानसें पत्रक काढलें. तेंच पुढें मराठींतील नांवाजलेलें मासिक झालें.

येथें दुसरीही एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. लक्ष्मणराव स्वतः तरुणपणीं मुंबईस चित्रकला शिकावयास गेले होते; परंतु कांहीं रंग त्यांना नीट ओळखतां येत नसत, म्हणून त्यांनीं रंगकाम सोडून यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या धरली. तात्पर्य, मांडणीला रंगांची देणगी लागतेच असें नाहीं. रेषा सरळ व सांगणें स्पष्ट असलें म्हणजे पुष्कळ काम होतें.

लेबलाचें खरें काम

लेबल ही शोभेची वस्तु नव्हे. गिऱ्हाइकाच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यानें दिलीं पाहिजेत: हें काय आहे, कोणाचें आहे व पुन्हा हवें असल्यास कोठें मिळेल. या तिहींपलीकडे जें जें घालावें तें तें या तिहींना झांकून टाकतें. देवदेवतांचीं चित्रें, फुलांची वेलबुट्टी, सोनेरी पट्टे, कुटुंबांतील चार जणांचीं नांवें आणि सहा मोबाईल क्रमांक असें सर्व एकाच चार बोटांच्या कागदावर कोंबलें, तर त्यांतील एकही गोष्ट वाचली जात नाहीं. शेतांत रोपें दाट लावलीं म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें.

मांडणीचे नियम

१. नांव लहान व उच्चारावयास सोपें असावें. गांवाचें, डोंगराचें किंवा मळ्याचें नांव उत्तम. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नांवाशीं मिळतें-जुळतें नांव घेऊं नये. त्यांत अप्रामाणिकपणा आहे व कायद्याची अडचणही आहे.

२. नांव सर्वांत मोठें, पदार्थ त्याच्या खालोखाल व बाकीचा मजकूर लहान, अशा तीनच पायऱ्या ठेवाव्या. अक्षरांचीं वळणें दोहोंहून अधिक नसावीं.

३. कडेला व ओळींच्या मध्यें मोकळी जागा सोडावी. ती वायां गेली असें समजूं नये. तिच्यामुळेंच नजर नांवावर ठरते.

४. रंग दोन पुरेत. फिकट पिंवळीं अक्षरें पांढऱ्या कागदावर घालूं नयेत. पट गडद तर अक्षर फिकट, व पट फिकट तर अक्षर गडद, हें सूत्र धरावें. लेबलाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहावी. तींतही नांव स्वच्छ वाचतां आलें तर रंगांची निवड ठीक आहे.

५. खोक्यावरील नांव दहा पावलांवरून व बरणीवरील नांव हातभर अंतरावरून वाचतां आलें पाहिजे. ही परीक्षा घरांतील वडीलधाऱ्या माणसाकडून करून घ्यावी.

६. एकदां ठरलेली छाप दर हंगामांत बदलूं नये. लेबल, खोका, पावती, टेंपोवरील फलक या सर्वांवर तीच छाप, तोच रंग व तेंच अक्षर असावें. नांवाची ओळख सुबकपणापेक्षां सातत्यानें अधिक होते.

साधनें

मोबाईलवर काम करणाऱ्यास कॅन्व्हा हें साधन सोपें पडतें. त्याचा साधा भाग विनामूल्य आहे. घरीं संगणक असल्यास इंकस्केप व गिम्प हीं दोन्ही साधनें पूर्णपणें विनामूल्य मिळतात. छाप व लेबल यांसाठीं इंकस्केप अधिक बरें, कारण त्यांतील आकृति रेषांच्या हिशेबानें सांठविलेली असते व ती बरणीएवढी केली काय किंवा फलकाएवढी केली काय, तिच्या कडा फाटत नाहींत. फोटोचें तसें नाहीं. तो ठिपक्यांचा बनलेला असतो व मोठा केला कीं धूसर दिसतो. म्हणून छापावयाचा फोटो, ज्या मापाचा छापावयाचा त्या मापांत, दर इंचास तीनशें ठिपके भरतील एवढा असावा.

अक्षरांकरितां मुंबईच्या एक टाइप या संस्थेचें "मुक्त" आणि "नोटो" मालेंतील देवनागरी वळण हीं दोन्ही खुल्या परवान्याचीं आहेत. व्यापारी कामासही तीं विनामूल्य वापरतां येतात. कांहीं छापखान्यांच्या संगणकांत जुन्या पद्धतीचीं अक्षरें असतात व तेथें आपला मजकूर उघडला कीं जोडाक्षरें तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. यासाठीं मजकूर पीडीएफ स्वरूपांत द्यावा व छापण्यापूर्वीं कागदावरचा नमुना मागवून दोघांनीं वाचावा.

फोटो स्वतःच काढावा. सकाळीं, उन्हांत न ठेवतां उजेडाच्या खिडकीपाशीं, पांढऱ्या कापडावर फळ ठेवून तो चांगला येतो. दुसऱ्याचें चित्र इंटरनेटवरून उचलूं नये. मोबाईलच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात व कागदावरील रंग शाईचे. म्हणून पडद्यावरचा चमकदार हिरवा कागदावर मंद दिसतो. नमुना पाहिल्यावांचून हजारों लेबलांची मागणी देऊं नये.

छपाई व खर्च

ऑफसेट छपाईंत प्रत्येक रंगास निराळी प्लेट लागते. तो खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच दहा हजारांना. म्हणून मोठ्या संख्येस ती स्वस्त पडते. डिजिटल छपाईस प्लेट लागत नाहीं, म्हणून थोड्या प्रतींस ती सोयीची. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर एका रंगांत स्क्रीन प्रिंटिंग पुरतें. खोके शेंदोनशेंच असल्यास मोठा रबरी शिक्का करून घरींच उठवावा. एकदां केला कीं तो कित्येक हंगाम चालतो. तारीख, तुकडी क्रमांक व किंमत छापून न घेतां त्यांकरितां रिकामी चौकट ठेवावी व शिक्क्यानें भरावी. तसें केल्यानें उरलेलीं लेबलें पुढच्या वर्षीं वायां जात नाहींत.

कायद्यानें काय मागितलें आहे

गर, लोणचें, गूळपूड यांसारखा पाकीटबंद पदार्थ विकावयाचा असल्यास त्यावर पदार्थाचें नांव, घटक, पोषणमूल्यें, निव्वळ वजन, करणाऱ्याचें नांव व पत्ता, तुकडी क्रमांक, तयार केल्याची व वापराच्या मुदतीची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठीं संपर्क, अन्नसुरक्षा खात्याचा चौदा अंकी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण लागते. ती खूण म्हणजे हिरव्या चौकटींतील भरीव हिरवें वर्तुळ. चौकटीची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट असते. सक्तीचा मजकूर केवळ मराठींत देऊन भागत नाहीं. तो देवनागरी हिंदींत किंवा इंग्रजींत असावा लागतो, मराठी सोबत देतां येते. वजन व किंमत इंग्रजी वळणाच्या आंकड्यांत लिहावी. हें सर्व आधीं मांडून, मग उरलेल्या जागेंत सजावट करावी; याच्या उलट क्रमानें केलेलें लेबल बहुधा पुन्हा छापावें लागतें.

"बीड सीताफळ" या नांवास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तें सर्व जिल्ह्याचें भूषण आहे. परंतु तें बोधचिन्ह लावण्यापूर्वीं उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली पाहिजे. त्याचप्रमाणें वर्तुळांतील "आर" ही खूण नोंदणी झालेल्या व्यापारचिन्हासच लावतां येते. ताज्या फळाची नोंद एकतिसाव्या वर्गांत, गुळाची तिसाव्या व फळांच्या गराची एकोणतिसाव्या वर्गांत होते, हें अर्ज करतांना ध्यानांत असावें.

शेवटीं

प्रत्येकानें निराळें नांव काढण्यापेक्षां एका गांवच्या दहापांच बागाइतदारांनीं मिळून एक छाप करावी हें आम्हांस अधिक हिताचें वाटतें. खर्च वांटला जातो व माल सलग पुरवितां येतो. मात्र त्यांत जबाबदारीही वांटली जाते. वरच्या थरांत मोठें फळ व खालीं बारीक, असा एकानें भरलेला एक खोका दहाही जणांचें नांव घालवितो. म्हणून प्रतवारीचे नियम आधीं ठरवावे, ते सर्वांनीं मान्य करावे आणि मगच छाप करावी. नांव नसतांना वाईट माल ढिगांत लपून जातो. नांव लागल्यावर तो धन्याचा पत्ता सांगतो. ज्यास हें पत्करतें, त्यानें येत्या हंगामापूर्वींच आपलें लेबल तयार करण्यास लागावें.