उपज

उपज : हिंदुस्थानी संगीतात बंदिशीच्या आधाराने, रागनियम व ताल सांभाळून गायकाने आयत्या वेळी केलेला स्वरविस्तार. बंदिश पूर्वरचित असते, उपज तशी नसते. तथापि ती स्वैरही नसते.

या शिस्तीचे ठळक उदाहरण जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत आढळते. घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारात होते. त्यांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ, तसेच केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी ही गायकी पुढे नेली; मल्लिकार्जुन मन्सूर यांना ती मंजीखाँ व भूर्जीखाँ यांच्याकडून लाभली. तीत आकारयुक्त आलाप लयीशी बांधलेला असतो व तानेची गुंफण वक्र असते. त्यामुळे १६ मात्रांच्या त्रितालात समेवर येण्याची तयारी कित्येक मात्रा आधीपासून करावी लागते.

केवळ स्वर ठाऊक असल्याने उपज साधत नाही. सुहा व नायकी कानडा या दोन्ही रागांत गांधार व निषाद कोमल असून धैवत वर्ज्य आहे. त्यांतील भेद स्वरसंगती व न्यासस्वर यांवरून ठरतो. कानड्याचा गांधार ‘ग म रे सा’ असा वक्रगतीने षड्जाकडे उतरतो. त्याऐवजी सरळ ‘म ग रे सा’ घेतल्यास स्वर तेच राहूनही कानड्याचे अंग हरपते.

अमेरिकेत उदयास आलेल्या जॅझ संगीतातही वादक आयत्या वेळी स्वररचना करतात. परंतु तेथे मर्यादा घालतात त्या कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह. मायनर, म्हणजे कोमल गांधाराच्या सप्तकातील एक रूढ कॉर्डक्रम सरगमात असा सांगता येईल : प्रथम ‘रे, म, कोमल ध, सा’, नंतर ‘प, शुद्ध नि, रे, म’, शेवटी ‘सा, कोमल ग, प’. दुसऱ्या कॉर्डवर शुद्ध निषाद प्रमुख ठरतो. कारण षड्जाच्या निकट असल्याने तो विश्रांतीची अपेक्षा उत्पन्न करतो. या कॉर्डवर योजले जाणारे एक सप्तक कीरवाणी रागाच्या स्वरांचेच आहे.

दोन्ही पद्धतींत आवर्तन असते : ख्यालात तालाचे, तर जॅझमध्ये बहुधा १२ किंवा ३२ तालखंडांचे. मूलभूत फरक आधाराचा आहे. तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो. जॅझमधील आधार कॉर्डबरोबर पालटतो. म्हणून जॅझवादकाला चालू व पुढील कॉर्डचे, तर ख्यालगायकाला स्वर कोठून आला व कोठे जाणार याचे भान ठेवावे लागते. हे भान स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नसल्याने उपजेचे शिक्षण मुख्यतः गुरुमुखातूनच होत आले आहे.