पावसाच्या वहीतील कोरी जागा

तापी नदी खंबायतच्या आखाताला जेथे मिळते, तेथे सुरत शहरापलीकडे हजीरा वसले आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्ये कारखान्यांची रांग. जवळच्या सुरतेत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असून तेथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. अशा परिसरातील एखाद्या शाळेने पर्जन्यमापक बसवून जुलै महिन्याच्या नोंदी ठेवल्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मुलांना त्यांची सरासरी काढावयास सांगितले, तर काय होईल? पाठ्यपुस्तकातील उदाहरणात एकतीस दिवसांचे एकतीस आकडे असतात. खऱ्या वहीत तसे नसते. कोठे आकडा, कोठे शून्य, कोठे आडवी रेघ, तर कोठे जागा नुसतीच कोरी.

समजा, चार दिवसांच्या जागा कोऱ्या आहेत आणि उरलेल्या सत्तावीस दिवसांची बेरीज 405 मिलिमीटर भरते. बेरजेला 31 ने भागले, तर दिवसाची सरासरी सुमारे 13.1 मिलिमीटर येते. 27 ने भागले, तर बरोबर 15. यांतील खरे उत्तर कोणते, हे भागाकाराचे पाढे सांगू शकत नाहीत. ते पर्जन्यमापकालाच विचारावे लागते. साध्या पर्जन्यमापकात पाणी बाटलीत साठते. रविवारी ते कोणी मोजले नाही, तर ते सोमवारची वाट पाहत तेथेच राहते आणि सोमवारच्या आकड्यात मिसळते. बाटली भरून वाहिली नसेल, तर अशा वेळी 31 ने भागणेच योग्य. उलट स्वयंचलित उपकरण वीज गेल्यामुळे बंद पडले असेल, तर त्या दिवसांचा पाऊस नोंदीतून कायमचा गेला. तेथे 27 ने भागणे अधिक बरे.

मात्र 'अधिक बरे' म्हणजे निर्दोष नव्हे. वीज कधी जाते? शाळा कधी बंद ठेवावी लागते? पाऊस कोसळतो तेव्हाच. म्हणजे वहीतील कोऱ्या जागा इतस्ततः विखुरलेल्या नसून त्या नेमक्या मुसळधार दिवसांवर पडण्याचा संभव अधिक. मग सत्तावीस दिवसांची सरासरीही खऱ्या पावसाहून कमीच भरणार. कोऱ्या जागी शून्य लिहून तक्ता नीटनेटका करणारा विद्यार्थी तर सर्वांत ओल्या दिवसाला कोरडा ठरवून मोकळा होतो!

साठलेल्या पाण्याचाही एक घोटाळा आहे. सोमवारच्या नोंदीत 70 मिलिमीटर दिसले, तर महिन्याच्या बेरजेला त्यामुळे बाध येत नाही. पण भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार पाऊस' सुरू होतो. रविवारी 35 आणि सोमवारी 35 पडला असेल, तर जोरदार पावसाचा एकही दिवस झालेला नसताना वहीत मात्र तो उमटतो. तारखेचेही तसेच. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मागील चोवीस तासांचा असतो, पण तो मोजणीच्या तारखेस लिहितात. मंगळवारी रात्री गावाला झोडपून काढणारा पाऊस वहीत बुधवारी सापडतो. वर्तमानपत्रातील बातमीशी पडताळा पाहणाऱ्या मुलांना ही चूक वाटते. ती चूक नव्हे, रीत आहे. जुन्या वह्यांत तर मापच निराळे. तेथील 125 म्हणजे मिलिमीटर नव्हेत, तर एक इंच आणि इंचाचे पंचवीस शतांश, अर्थात 31.75 मिलिमीटर.

खरी कसोटी लागते ती अवाच्या सवा आकड्यापाशी. संगणकाच्या तक्त्यात 999.9 दिसला, तर तो बहुधा पाऊस नसतोच. नोंद नाही, हे सांगणारी ती खूण असते आणि ती काढून टाकावयाचीच असते. पण मुंबईत सांताक्रूझ येथे 27 जुलै 2005 रोजी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत 944.2 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला 73.4 मिलिमीटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर कोणीही सावध विद्यार्थी म्हणेल की, दशांशचिन्ह सरकले आहे, 94.4 असावे. तो चुकेल. विहार तलावावर त्या दिवशी त्याहूनही अधिक पाऊस मोजला गेला होता आणि उपनगरे पाण्याखाली होती. दोन आकडे दिसावयास सख्खे भाऊ, पण 999.9 खोटा आणि 944.2 खरा. शेजारच्या केंद्राची साक्ष काढणे हा उपाय चांगलाच. मात्र शेजारी कोणता, हे पावसाच्या चालीवरून ठरवावे लागते. त्या दिवशी कुलाबा साक्षीला उपयोगाचे नव्हते.

म्हणून जाणते नोंदणीकार आकडा खोडत नाहीत. मूळ आकडा वाचता येईल असा राखून शेजारच्या रकान्यात संशयाची खूण, संशयाचे कारण आणि सुचविलेला आकडा लिहितात. शाळेच्या वहीत असा एक जादा रकाना आखावयास पट्टी आणि पेन्सिल पुरते.

आकडे सर्वस्वी निर्दोष असूनही प्रश्न सुटत नाही, असेही घडते, आणि ते हजिऱ्याच्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग बुडविला. त्या दिवसांचा केवळ सुरतेचा पाऊस पाहिला, तर एवढ्या पाण्याचा हिशेब लागत नाही, आणि पुराची तारीख चुकली की पावसाचा आकडा, असा संभ्रम पडतो. चूक कोठेच नव्हती. तापीचे खोरे सुमारे 65,000 चौरस किलोमीटरांचे असून त्याचा बहुतेक भाग महाराष्ट्रात आहे. पाऊस वर पडला होता, तो उकाई धरणात आला आणि धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. त्या पुराचा पाऊस शोधावयाचा, तर हजिऱ्याची वही मिटून बऱ्हाणपूरची, भुसावळची आणि जळगावची वही उघडावी लागते.