इलेक्ट्रॉनिक साधनांच्या वापराचे मापन : एककाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

अनेक संशोधन-ग्रंथालयांच्या खर्चाचा मोठा भाग आज इलेक्ट्रॉनिक नियतकालिके, संदर्भसंच व ग्रंथ यांच्या वर्गणीवर होतो. ही वर्गणी पुढे चालू ठेवावी की नाही, हे ठरविताना पहिला प्रश्न विचारला जातो तो वापराचा. त्याच्या उत्तरादाखल एक आकडा पुढे ठेवला जातो आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. तो आकडा कसा सिद्ध होतो, त्यात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हा विचार ग्रंथपालांवर सोपवून अध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांना स्वस्थ राहता येणार नाही. कारण त्या आकड्यावरून होणाऱ्या निर्णयाचे परिणाम त्यांच्याच अभ्यासाला भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात या मापनाची पद्धती आणि तिच्या मर्यादा यांचे थोडक्यात विवेचन करावयाचे आहे.

विषय ग्रंथालयशास्त्राचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला चांगला परिचित आहे. एखाद्या ग्रंथात शब्द किती, या साध्या प्रश्नालाही एकच उत्तर नसते. ‘आणि’ हा शब्द शंभर ठिकाणी आला असेल, तर तो शंभर धरावयाचा की एक? ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ हे तीन शब्द मानावयाचे की एकाच शब्दाची तीन रूपे? यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नाही. मात्र दोन ग्रंथांची तुलना करावयाची असेल, तर दोन्हीकडे एकच उत्तर स्वीकारले पाहिजे. मोजणीच्या आधी एकक निश्चित झाले पाहिजे, हा नियम ग्रंथालयीन वापरालाही तितकाच लागू पडतो.

२. छापील साधनांच्या काळातील मापन

छापील ग्रंथांच्या बाबतीत देवघेव हे वापराचे स्वाभाविक एकक होते. ग्रंथ घरी नेला की त्याची नोंद होई. परंतु ग्रंथालयात बसून चाळलेल्या ग्रंथाची नोंद होत नसे, आणि नियतकालिके तर बहुधा घरी दिलीच जात नसत. म्हणून वाचकांनी अंक पुन्हा फडताळात ठेवू नयेत, अशी सूचना लावून दिवसअखेर मेजांवर पडलेले अंक मोजण्याची रीत अनेक ठिकाणी होती. विज्ञानाच्या क्षेत्रात आणखी एक मार्ग निघाला. ग्रॉस व ग्रॉस यांनी १९२७ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात, अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाच्या १९२६ च्या खंडात इतर कोणत्या नियतकालिकांचे किती निर्देश आले, याची मोजणी केली आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत, हे त्यावरून सुचविले.

या मोजण्यांतून वाद निर्माण झाले नाहीत असे नाही. पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट व त्यांचे सहकारी यांनी केलेली पाहणी १९७९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये तेथील हिलमन ग्रंथालयात दाखल झालेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत आले नव्हते, असे तीत आढळले. या निष्कर्षावर त्या विद्यापीठातील अध्यापकांनी कडक टीका केली. संशोधनग्रंथाच्या उपयुक्ततेचा निर्णय सहा वर्षांत करता येतो काय, आणि घरी न नेलेला ग्रंथ न वाचलेला ठरतो काय, हे प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेले आहेत. साधने इलेक्ट्रॉनिक झाली म्हणून ते नाहीसे झालेले नाहीत.

३. काउंटर संहिता

इलेक्ट्रॉनिक साधनांच्या बाबतीत नोंद आपोआप होते. वाचकाने केलेली प्रत्येक कृती प्रकाशकाच्या सर्व्हरवर लिहिली जाते. त्यामुळे मापनाचा प्रश्न सुटला, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो अधिक बिकट झाला. एक प्रकाशक पानाचे प्रत्येक उघडणे मोजी, दुसरा केवळ पूर्ण लेखाचे उतरवणे मोजी, तिसरा शोध मोजी. आणि हे तिन्ही आकडे ‘वापर’ या एकाच नावाने ग्रंथालयाकडे येत. त्यांची बेरीज किंवा तुलना करणे निरर्थक होते.

यावर उपाय म्हणून ग्रंथालये, प्रकाशक व मध्यस्थ संस्था यांनी एकत्र येऊन २००२ साली ‘काउंटर’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची पहिली कार्यसंहिता २००३ साली प्रसिद्ध झाली. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आणि त्या आवृत्तीचे सुधारित रूप, म्हणजे ५.१, जानेवारी २०२५ पासून लागू झाले. हे अहवाल प्रत्येक प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून हाताने गोळा करावे लागू नयेत, म्हणून ‘सुशी’ नावाचे यांत्रिक देवाणघेवाणीचे प्रमाण २००७ साली अमेरिकेत मान्य झाले.

पाचव्या आवृत्तीत दोन मूलभूत भेद केलेले आहेत. पहिला भेद ‘पाहणी’ आणि ‘मागणी’ यांतील होय. लेखाशी संबंधित कोणतीही कृती, उदाहरणार्थ त्याचा सारांश उघडणे, ही पाहणी समजली जाते; प्रत्यक्ष पूर्ण लेख उघडणे किंवा उतरवून घेणे ही मागणी. प्रत्येक मागणी ही पाहणीही असते, परंतु प्रत्येक पाहणी मागणी नसते. दुसरा भेद ‘एकूण’ आणि ‘पृथक’ यांतील होय. एकूण गणनेत प्रत्येक कृती धरली जाते. पृथक गणनेत एका वाचकाने एका बैठकीत तोच लेख कितीही वेळा उघडला, तरी तो एकदाच धरला जातो. शब्दांच्या आवृत्ती मोजणे आणि भिन्न शब्द मोजणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. याखेरीज एकच दुवा ३० सेकंदांच्या आत पुन्हा दाबला गेल्यास ती एकच कृती मानावी, आणि स्वयंचलित आज्ञावलींनी केलेला ज्ञात वापर गणनेतून वगळावा, असेही नियम आहेत.

४. एक उदाहरण

हे भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतील. एका विद्यार्थिनीने कोकणी-मराठी सीमाबोलींवरील लेखाचा सारांश उघडला. नंतर तोच लेख तिने पडद्यावर वाचण्याच्या रूपात, म्हणजे एचटीएमएलमध्ये, उघडला. मग त्याची पीडीएफ प्रत मागितली. प्रत लवकर आली नाही, म्हणून दहा सेकंदांत तिने तोच दुवा पुन्हा दाबला. शेवटी तिने दुसऱ्या एका लेखाचा केवळ सारांश पाहिला. हे सारे एकाच बैठकीत घडले.

सर्व्हरवर पाच कृतींची नोंद झाली. संहितेनुसार पीडीएफच्या दोन मागण्या मिळून एकच धरली जाते. म्हणून एकूण पाहण्या ४, पृथक पाहण्या २, एकूण मागण्या २ आणि पृथक मागणी १ असे आकडे येतात. एकच बैठक, एकच वाचक. आणि तिच्या वापराचे वर्णन ५, ४, २ किंवा १ यांपैकी कोणत्याही संख्येने करता येते. यांपैकी एकही संख्या खोटी नाही. परंतु कोणती संख्या सांगितली आहे, हे न सांगता केलेले विधान मात्र दिशाभूल करणारे ठरते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. फिलिप डेव्हिस व जेसन प्राइस यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन व स्वीडन येथील ३२ संशोधनसंस्थांमधील सहा प्रकाशकांच्या नियतकालिकांचे आकडे तपासले. हे सर्व प्रकाशक काउंटर संहिता पाळणारे होते. तरीही, पीडीएफ मिळण्यापूर्वी एचटीएमएल रूप उघडणे ज्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर भाग पडे, तेथे वापराचे आकडे कृत्रिमरीत्या फुगण्याचा संभव दिसून आला. म्हणजे वाचकांची गरज तीच असूनही संकेतस्थळाच्या रचनेमुळे एक नियतकालिक दुसऱ्यापेक्षा अधिक वापरले गेल्यासारखे भासे. पाचव्या आवृत्तीतील पृथक मागणीचे एकक हे अशा दोषाचे निवारण होय. तुलनेसाठी याच एककाचा आधार घेणे योग्य.

५. आकड्यांच्या मर्यादा

एकक निश्चित झाले, तरी काही मर्यादा उरतातच. पहिली मर्यादा बैठकीच्या व्याख्येची. ज्या ठिकाणी वाचकाची स्वतंत्र ओळख उपलब्ध नसते, तेथे संगणकाचा पत्ता, ब्राउझर, दिनांक व घड्याळाचा तास यांवरून बैठक ठरविली जाते. त्यामुळे १० वाजून ५५ मिनिटांनी आणि ११ वाजून ५ मिनिटांनी तोच लेख उघडणारा एकच वाचक दोन बैठकींत विभागला जातो. उलट, एकाच पत्त्यावरून येणारे दोन वाचक एकच समजले जाण्याचा संभव असतो.

दुसरी मर्यादा अशी की, मागणी म्हणजे वाचन नव्हे. उतरवून घेतलेला लेख कदाचित कधीच वाचला जात नाही. आणि एका विद्यार्थ्याने उतरवलेला लेख साऱ्या वर्गात फिरतो, तेव्हा दहा जणांच्या वाचनाची नोंद एकच होते.

तिसरी मर्यादा, वापर अनेक ठिकाणी विभागला जातो. ‘लँग्वेज’ या १९२५ पासून प्रसिद्ध होत असलेल्या नियतकालिकाचे अनेक जुने अंक जेस्टोर व प्रोजेक्ट म्यूज या दोन्ही ठिकाणी उपलब्ध आहेत. एका ठिकाणचा अहवाल दुसऱ्या ठिकाणच्या वापराविषयी मौन पाळतो.

चौथी मर्यादा न झालेल्या वापराची. परवाना नसल्यामुळे नाकारल्या गेलेल्या मागण्यांची स्वतंत्र नोंद संहितेत आहे, आणि ग्रंथालयात काय नाही हे जाणण्यास ती उपयोगी पडते. तथापि लेख मिळणार नाही हे ठाऊक असलेला वाचक त्या दाराशी जातच नाही. ‘सायन्स’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तानुसार, साय-हब या अनधिकृत संकेतस्थळावर सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ८० लाख मागण्या नोंदल्या गेल्या होत्या, आणि मागणी करणाऱ्या देशांत भारत अग्रभागी होता. यांतील एकाही मागणीचा पत्ता ग्रंथालयाच्या अहवालाला लागत नाही.

६. प्रतिवापर खर्च आणि लहान विषय

व्यवहारात हे आकडे मुख्यतः वर्गणीला भागण्यासाठी वापरले जातात. वर्गणी ६०,००० रुपये आणि मागण्या ३० असतील, तर प्रत्येक वापराचा खर्च २,००० रुपये येतो. मागण्या ६०० असतील, तर तो १०० रुपयांवर उतरतो. एकाच विषयातील, सारख्याच वाचकवर्गाच्या दोन नियतकालिकांची तुलना करण्यास हे गणित योग्य आहे. भिन्न विषयांना ते सरसकट लावल्यास अन्याय होतो. रसायनशास्त्राच्या विभागात दीडशे संशोधक असतील आणि भाषाशास्त्राच्या विभागात सहा असतील, तर मागण्यांतील तफावत ही नियतकालिकांच्या गुणवत्तेची द्योतक नसून वाचकांच्या संख्येची आहे. म्हणून मागण्यांना त्या विषयाच्या वाचकसंख्येने भागल्यावाचून तुलना करू नये. शिवाय, मानव्यविद्यांत जुना लेख लवकर शिळा होत नाही. प्रकाशनवर्षानुसार केलेला वापराचा तक्ता संहितेत उपलब्ध आहे. तो मागवून पाहिला, तर जुन्या अंकांची उपयुक्तता ध्यानात येते.

वापराचे मापन मानव्यविद्यांना नेहमीच प्रतिकूल असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. लॉस ॲलामॉस येथील जोहान बोलेन व त्यांचे सहकारी यांनी सुमारे शंभर कोटी वापरनोंदींच्या आधारे विज्ञानाचा एक नकाशा तयार करून २००९ साली प्रसिद्ध केला. निर्देशांच्या मोजणीत सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांना जे गौण स्थान मिळते, ते या नकाशात मिळाले नाही; तेथे त्यांचे महत्त्व स्पष्ट दिसून आले. वाचले जाते ते सर्व निर्दिष्ट होत नाही, हे त्याचे उघड कारण आहे. तात्पर्य, दोष मोजण्यात नसून एकाच मोजमापावर विसंबण्यात आहे.

७. पूरक पद्धती

आकडा ‘किती’ हे सांगतो. ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ हे जाणण्यास अन्य मार्ग अवलंबावे लागतात. ‘माइन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत साधन उघडण्याच्या क्षणीच निवडक वेळी वाचकाला दोन-चार प्रश्न विचारले जातात : आपण विद्यार्थी की अध्यापक, कोठून वापर करीत आहात, हेतू अध्यापनाचा की संशोधनाचा. दुसरा मार्ग, विभागात सादर झालेल्या प्रबंधांच्या संदर्भसूची तपासून त्यांतील किती साधने ग्रंथालयात उपलब्ध होती, हे पाहण्याचा आहे. तो खर्चाचा नाही आणि कोणत्याही विभागाला स्वतः करता येतो. ग्रंथालयाच्या स्वतःच्या प्रवेशनोंदींतूनही विभागवार वापर काढता येतो. मात्र कोणी काय वाचले, हा ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. अशा नोंदींतून व्यक्तीची ओळख काढून टाकल्यानंतरच त्यांचा उपयोग केला पाहिजे.

८. समारोप

हा विषय आपल्याकडे आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तीत ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना उपलब्ध करून देण्याचा संकल्प तीत आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राकडे तिची अंमलबजावणी सोपविलेली आहे. या योजनेच्या वापराचा नियतकालिक आढावा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान घेईल, असे मान्यतेच्या वेळीच जाहीर झाले होते. अर्थात, कोणत्या नियतकालिकांना पुढे स्थान मिळावे याच्या विचारात वापराच्या आकड्यांना वजन प्राप्त होणार, हे उघड आहे.

अशा वेळी लहान विभागांनी आकड्यांविरुद्ध तक्रार करीत बसण्यापेक्षा ते नीट वाचावयास शिकणे अधिक हिताचे आहे. अहवाल समोर आला की चार प्रश्न विचारावेत : येथे कोणते एकक मोजले आहे? ही संख्या किती वाचकांची आहे? यात कोणता वापर आलेला नाही? आणि या आकड्याला दुसऱ्या कोणत्या पुराव्याचा दुजोरा आहे? या प्रश्नांची उत्तरे विभागाने स्वतः लिहून ठेवली, त्यांना आपल्या प्रबंधांच्या संदर्भसूचींची जोड दिली आणि दर वर्षी ती ग्रंथालय समितीपुढे मांडली, तर सहा संशोधकांच्या विषयालाही आपली बाजू सप्रमाण मांडता येईल. आजवर अशी नोंद ठेवली गेली नसेल, तर ती चालू वर्षापासून सुरू करावी, एवढीच या लेखाची सूचना आहे.